विश्लेषण : ‘लॉगिन’मागे नेमके काय दडलेले असते? पासवर्ड डेटाबेसमध्ये का साठवायचा नसतो?

वहीतले मस्टर आधी एक्सेलमध्ये गेले आणि आता ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडू लागले आहे. लहान कारखानदार, मजूर ठेकेदार, वाहतूकदार स्थानिक डेव्हलपरकडून स्वतःपुरते सॉफ्टवेअर बनवून घेतात. ते उघडले की सर्वांत आधी दिसतो लॉगिनचा चौकोन. दोन रकाने आणि एक बटण, इतकेच. पण याच ठिकाणी झालेली चूक शेकडो कामगारांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि हजेरी उघड्यावर आणू शकते. वेब सॉफ्टवेअरला डेटाबेसवर आधारित लॉगिन कसे जोडतात, त्यात काय साठवतात, काय मुळीच साठवायचे नसते आणि सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्याने काय तपासावे, याविषयी...

बोईसर-तारापूरसाठी हा मुद्दा महत्त्वाचा का?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा औद्योगिक कणा म्हणजे तारापूर एमआयडीसी. रसायने, औषधे, कापड, पोलाद अशा कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम चालते आणि अनेक कामगार ठेकेदारांमार्फत येतात. विक्रमगड, डहाणूपासून उत्तर प्रदेश, बिहारपर्यंतची माणसे एकाच गेटमधून आत जातात. त्यांचे नाव, आधार क्रमांक, पीएफचा यूएएन, बँक खाते, हजेरी आणि ओव्हरटाइम ही सारी माहिती ठेकेदाराकडे असते.

या हजेरीवर दोन गोष्टी ठरतात. पहिली म्हणजे महिनाअखेरचा पगार. दुसरी त्याहून गंभीर. जानेवारी २०२० मध्ये तारापूरमधील एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. अशा दुर्घटनेनंतर बचाव पथकाचा पहिला प्रश्न असतो, ‘आत कोण कोण होते?’ त्याचे उत्तर गेटवरच्या नोंदीत असते. ती नोंद कोणी केली, नंतर कोणी बदलली, हे सांगता आले नाही तर नोंदीला अर्थ उरत नाही. लॉगिन म्हणजे केवळ दाराचे कुलूप नव्हे. कोणत्या नोंदीखाली कोणाची सही आहे, हे सांगणारी ती व्यवस्था आहे.

संगणक यंत्रणा कोलमडल्यावर काय होते, हे या भागातील उद्योजकांना नवीन नाही. मार्च २०२१ मध्ये खुद्द एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि कार्यालयांचे ऑनलाइन कामकाज विस्कळीत झाले. रॅन्समवेअर हा वेगळ्या जातीचा हल्ला आहे. पण सर्व्हरवर ठेवलेली माहिती कधीतरी परक्याच्या हाती पडू शकते, असे गृहीत धरूनच ती ठेवावी लागते. लॉगिनची रचनाही याच गृहीतकावर उभी असते.

वेब फ्रेमवर्कमध्ये लॉगिन तयार मिळते का?

वेब सॉफ्टवेअर कोणी शून्यापासून लिहीत नाही. ब्राउझरकडून आलेली विनंती घेणे, पान तयार करणे, डेटाबेसशी बोलणे ही नेहमीची कामे करणारा तयार सांगाडा वापरला जातो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. पायथॉन भाषेत जँगो आणि फ्लास्क, पीएचपीत लाराव्हेल, जावास्क्रिप्टमध्ये एक्स्प्रेस, जावामध्ये स्प्रिंग ही त्यांतली परिचित नावे.

यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. फ्लास्क आणि एक्स्प्रेस हे सुटसुटीत सांगाडे आहेत. त्यांत वापरकर्त्यांची व्यवस्था तयार मिळत नाही, ती वेगळी जोडावी लागते. जँगोमध्ये ती पहिल्या दिवसापासून आत असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात २००३ मध्ये जँगोचे काम सुरू झाले आणि २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. डेडलाइनच्या दबावाखाली काम करणाऱ्या वृत्तपत्रातील मंडळींनी लॉगिन, परवानग्या, अॅडमिनचे पान अशा रोज लागणाऱ्या गोष्टी आधीच बांधून ठेवल्या.

जाणकारांचा सल्ला एकच असतो : लॉगिनचे गणित स्वतः लिहू नका. फ्रेमवर्कमधील किंवा वर्षानुवर्षे तपासलेल्या लायब्ररीतील व्यवस्था वापरा. घरी बनवलेले कुलूप बनवणाऱ्याला उघडत नाही, म्हणून ते चोरालाही उघडणार नाही, असे होत नाही.

डेटाबेसमध्ये नेमके काय साठवतात?

प्रत्येक वापरकर्त्यासाठी एका तक्त्यात एक ओळ असते. जँगोच्या तयार तक्त्यात वापरकर्तानाव, नाव, ईमेल, पासवर्डचा रकाना, शेवटचे लॉगिन कधी झाले, खाते कधी उघडले, ते चालू आहे की बंद आणि अॅडमिनचे अधिकार आहेत का, अशा गोष्टी असतात.

इथे सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे माणसाची ओळख कशावरून पटवायची? पालघरमध्ये एकाच नावा-आडनावाच्या चार व्यक्ती एका कारखान्यात सहज सापडतील. त्यामुळे नावाऐवजी कर्मचारी क्रमांक वापरणे सोयीचे. जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही वापरकर्त्याचा स्वतःचा साचा प्रकल्पाच्या सुरुवातीलाच ठरवावा, असे सांगितले आहे. हजारो नोंदी झाल्यावर तो बदलणे फार किचकट होते.

दुसरा नियम : काम सोडून गेलेल्याचे खाते पुसायचे नाही, बंद करायचे. खाते पुसले तर त्याने केलेल्या जुन्या नोंदींचा धनी नाहीसा होतो. बंद केले तर त्याला आत येता येत नाही, पण इतिहास शाबूत राहतो.

मग पासवर्डच्या रकान्यात काय असते?

तिथे पासवर्ड नसतो. असूही नये. तिथे असतो पासवर्डपासून गणिताने काढलेला ‘हॅश’. कांडप गिरणीत मिरच्या टाकल्या की मसाला मिळतो, पण मसाल्यातून पुन्हा अख्खी मिरची काढता येत नाही. हॅशही तसाच एकेरी रस्ता आहे. तोच पासवर्ड पुन्हा दिला की तोच हॅश निघतो, मात्र हॅशवरून पासवर्ड उलटा काढण्याचे सूत्र नाही.

ही युक्ती सुचली ती ठेच लागल्यावर. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकात अनेक जण एकच संगणक वापरत. त्यासाठी पासवर्ड सुरू झाले आणि ते एका फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवले गेले. १९६६ मध्ये एका गोंधळामुळे ती फाइल आणि लॉगिन करणाऱ्याला दिसणारा रोजचा संदेश यांची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढे सगळ्यांचे पासवर्ड आले. पुढे पासवर्डऐवजी त्याचे एकेरी रूप साठवण्याची पद्धत रुजली.

पण एवढ्याने भागत नाही. दोघांनी ‘१२३४५६’ हाच पासवर्ड ठेवला तर दोघांचा हॅश सारखाच निघेल. चोर नेहमीच्या लाखो पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवतो आणि फक्त जुळवून पाहतो. त्यावर उपाय म्हणजे ‘सॉल्ट’. प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळा, यादृच्छिक अक्षरांचा तुकडा पासवर्डला जोडायचा आणि मग हॅश काढायचा. आता पासवर्ड सारखा असला तरी हॅश वेगळा निघतो आणि चोराची तयार यादी निकामी ठरते. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मधील शोधनिबंधात या पद्धतीचे वर्णन केले.

हॅश काढण्याचे काम मुद्दाम संथ का ठेवतात?

सॉफ्टवेअर जितके जलद तितके चांगले, या समजाला इथे अपवाद आहे. एमडी५ किंवा शा-१ यांसारखे जुने हॅश इतके जलद आहेत की आजचे ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासू शकते. म्हणून पासवर्डसाठी मुद्दाम वेळखाऊ पद्धती वापरतात. १९९९ मध्ये आलेली बीक्रिप्ट आणि २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२ या त्यांपैकी दोन.

जँगो मुळात पीबीकेडीएफ२ ही पद्धत वापरतो. तीत तीच क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. जँगोच्या ४.२ आवृत्तीत ही आवर्तने ६ लाख होती, ५.२ मध्ये ती १० लाख झाली. संगणक वेगवान होतात तशी ही संख्या वाढवली जाते. जुना हॅश असलेल्या वापरकर्त्याने पुन्हा लॉगिन केले की नव्या आवर्तनांनी हॅश आपोआप बदलला जातो. सुपरवायझरला क्षणभराचा उशीर जाणवत नाही, पण कोट्यवधी अंदाज तपासू पाहणाऱ्या चोराचे काम लांबत जाते.

‘लॉगिन’ बटण दाबल्यावर काय घडते?

समजा, सकाळी सातच्या पाळीला गेटवरील सुपरवायझरने मोबाइलवर कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड टाकला. आधी ही माहिती एचटीटीपीएसच्या सुरक्षित मार्गाने सर्व्हरकडे जाते. तो मार्ग नसेल तर वाटेतला कोणीही पासवर्ड वाचू शकतो आणि पुढची सारी मेहनत वाया जाते. सर्व्हर डेटाबेसमध्ये त्या क्रमांकाची ओळ शोधतो. त्या ओळीतील सॉल्ट आणि आवर्तनांची संख्या घेऊन टाकलेल्या पासवर्डचा हॅश नव्याने काढतो आणि साठवलेल्या हॅशशी ताडून पाहतो. जुळला तर आत, नाही तर बाहेर.

चुकल्यावरचा संदेशही जपून द्यावा लागतो. ‘असा क्रमांक नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे संदेश दिले तर कोणती खाती अस्तित्वात आहेत, हे बाहेरच्याला कळते. म्हणून ‘क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ एवढेच सांगतात. जँगो तर खाते नसले तरी एकदा हॅशचे गणित करतो. उत्तर लवकर आले यावरूनही कोणाला अंदाज बांधता येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

लॉगिन झाल्यावर प्रत्येक पानावर पुन्हा पासवर्ड मागितला जात नाही. सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न करता येणारा क्रमांक ब्राउझरला देतो आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवतो. याला सेशन म्हणतात. हॉटेलमध्ये एकदा ओळखपत्र दाखवल्यावर खोलीची किल्ली मिळते, तसे. जँगोमध्ये ही किल्ली काही बदल न केल्यास दोन आठवडे चालते. गेटवरच्या सर्वांच्या वापरातील संगणकासाठी ती मुदत एका पाळीपुरती ठेवणे शहाणपणाचे. सुपरवायझरचा फोन हरवला तर पासवर्ड बदलावा. जँगोच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्याबरोबर इतर ठिकाणची जुनी सेशन बाद होतात.

लॉगिन झाले म्हणजे सगळे पाहण्याची परवानगी मिळाली का?

नाही, आणि घाईत बनवलेली अनेक सॉफ्टवेअर इथेच घसरतात. ‘तुम्ही कोण?’ हा एक प्रश्न. ‘तुम्हाला हे पाहण्याचा अधिकार आहे का?’ हा दुसरा. समजा, एका कारखान्यात तीन ठेकेदार एकच सॉफ्टवेअर वापरतात. पहिला ठेकेदार लॉगिन करून आपल्या कामगाराचे पान उघडतो. पत्त्याच्या शेवटी ४१ हा आकडा दिसतो. त्याने तो खोडून ४२ केला आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या कामगाराचे बँक खाते उघडले, तर लॉगिन असूनही सुरक्षितता शून्य.

त्यामुळे प्रत्येक विनंतीला सर्व्हरने तपासायचे असते, की ही ओळ या वापरकर्त्याच्या अखत्यारीतील आहे का? बटण लपवणे म्हणजे परवानगी नाकारणे नव्हे.

नेहमीच्या चुका कोणत्या?

पहिली, पासवर्ड जसाच्या तसा साठवणे. ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीकडून २००९ मध्ये ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. ते उघड्या स्वरूपात ठेवलेले होते. त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड ‘१२३४५६’ निघाला. चोर शिरला तो एसक्यूएल इंजेक्शनच्या मार्गाने. म्हणजे रकान्यात नावाऐवजी डेटाबेसला उद्देशून आज्ञा टाकायची आणि गाफील सॉफ्टवेअरने ती पाळायची. फ्रेमवर्कच्या ठरलेल्या पद्धतीने डेटाबेसशी बोलले तर हा धोका बराच टळतो. तुकडे जोडून हाताने आज्ञा लिहिल्या की तो परत येतो.

दुसरी, सॉल्ट न वापरणे. लिंक्डइनमधून २०१२ मध्ये फुटलेले हॅश सॉल्टविना आणि शा-१ या जलद पद्धतीचे होते. सुरुवातीला ६५ लाख हॅश बाहेर आल्याचे दिसले, २०१६ मध्ये हा आकडा ११ कोटींच्या पुढे असल्याचे उघड झाले.

तिसरी, एकाच पासवर्डचा सगळीकडे वापर. झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेल्याचे मे २०१७ मध्ये जाहीर झाले. कंपनीने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, सुरुवात दुसऱ्याच एका होस्टिंग कंपनीच्या २०१५ मधील गळतीत होती. तिथे एका डेव्हलपरचे वैयक्तिक खाते होते आणि तोच पासवर्ड त्याने इतरत्रही वापरला होता. म्हणजे एका सॉफ्टवेअरने पासवर्ड निष्काळजीपणे ठेवला तर नुकसान त्याच सॉफ्टवेअरपुरते राहत नाही. बोईसरच्या हजेरीतील पासवर्ड हाच एखाद्याच्या ईमेलचाही पासवर्ड असू शकतो.

चौथी चूक म्हणजे कितीही वेळा प्रयत्न करू देणे. जँगोमध्येही चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आपोआप येत नाही, ती वेगळी जोडावी लागते.

पाचवी चूक तंत्राची नाही, सवयीची आहे. गेटवर एकच आयडी, तिन्ही पाळ्यांना तोच पासवर्ड आणि तो मॉनिटरवर चिकटवलेल्या कागदावर. कामगार म्हणतो, ‘मी रविवारी आलो होतो’, नोंद सांगते गैरहजर. नोंद कोणी बदलली? उत्तर : ‘गेट’ने. तिघांचा एकच आयडी असला की चूक कोणाचीच ठरत नाही आणि खाडा मात्र कामगाराच्या पगारातून जातो. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि प्रत्येक बदलापुढे खात्याचे नाव व वेळ, एवढी व्यवस्था अशा वादात कामगार आणि ठेकेदार दोघांनाही उपयोगी पडते.

ओटीपीने प्रश्न सुटतो का?

काही अंशी. पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही, हा फायदा. पण वापरकर्त्यांचा तक्ता, सेशन आणि परवानग्या तरीही लागतातच. ओटीपीलाही थोड्या मिनिटांची मुदत आणि प्रयत्नांची मर्यादा हवी. शिवाय एका घरात एकच फोन असतो, गावी जाऊन आल्यावर सिम बदललेले असते. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. डेटाबेसमध्ये जुना क्रमांक तसाच राहिला तर ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल. म्हणून मोबाइल क्रमांक हीच कायमची ओळख न मानता कर्मचारी क्रमांक मुख्य ठेवावा आणि मोबाइल बदलण्याची सोय द्यावी.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पासवर्डचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास याच कायद्याच्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार माहितीची गळती, अनधिकृत प्रवेश अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने जबाबदारी आणखी स्पष्ट केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो तिच्या सुरक्षिततेला जबाबदार, असे हा कायदा मानतो. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘सॉफ्टवेअरवाल्याची चूक होती’ असे सांगून ठेकेदाराला किंवा कारखानदाराला हात झटकता येणार नाहीत.

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्याने काय तपासावे?

कोड वाचता येण्याची गरज नाही. पैसे देण्यापूर्वी डेव्हलपरला साध्या गोष्टी विचाराव्यात. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो का? हॅशिंगसाठी कोणती पद्धत वापरली आहे? दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर काय होते? एका ठेकेदाराच्या खात्यातून दुसऱ्याचे पान उघडून दाखवता येते का? काम सोडलेल्याचे खाते बंद कसे करायचे? एखाद्या दिवसाची हजेरी कोणी बदलली, हे कुठे दिसते?

आणि एक चाचणी कोणालाही अर्ध्या मिनिटात करता येते. लॉगिनच्या पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ यावर टिचकी मारावी. नवा पासवर्ड ठरवण्यासाठी मुदतीची लिंक आली तर ठीक. पण जुनाच पासवर्ड एसएमएसने किंवा ईमेलने जसाच्या तसा परत आला, किंवा डेव्हलपरने फोनवर तो वाचून दाखवला, तर तो पासवर्ड मूळ रूपात मिळवता येईल अशा पद्धतीने ठेवलेला आहे, हे नक्की. असे सॉफ्टवेअर त्याच दिवशी दुरुस्तीला पाठवावे आणि तोच पासवर्ड इतरत्र वापरला असेल तर तिथेही बदलावा.